बाळ दत्तक आहे, हे त्याला कोणी सांगावे?

इमारतीच्या जिन्यात मुलांचा खेळ चालला होता. राज्य कोणावर यावरून भांडण जुंपले आणि आठ वर्षांच्या मुलीने सात वर्षांच्या मुलाला सुनावले, "तू गप्प बस. तुला तर आणलंय. आमची आजी सांगत होती." मुलगा रडत घरी गेला. आई म्हणाली, "काहीतरीच बोलतात लोक! तू माझ्याच पोटचा आहेस." त्या रात्री मुलाने अंथरूण ओले केले. पुढे ते रोजचेच झाले. महिनाभराने आईवडील त्याला डॉक्टरांकडे घेऊन आले. लघवीच्या तपासणीत काहीही दोष निघाला नाही.

ही हकीकत कोणा एका घराची नाही. तपशील थोडाफार बदलून ती अनेक घरांत घडते. मूल दत्तक असते, आईवडिलांचे त्याच्यावर जिवापाड प्रेम असते. पण 'मोठे झाल्यावर सांगू' असे म्हणता म्हणता सांगायचे राहून जाते आणि भलत्याच तोंडून, भलत्या वेळी ते मुलाच्या कानावर पडते. त्याचा परिणाम झोपेवर, भुकेवर, अभ्यासावर होतो. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेत आहोत. २०२४-२५ या एका वर्षात देशात ४,५१५ मुले कायदेशीर मार्गाने दत्तक गेली. त्या प्रत्येक घरापुढे हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

उत्तर थोडक्यात असे : मूल दत्तक आहे हे त्याला आईवडिलांनीच सांगावे, बोलू लागायच्या वयापासून सांगावे आणि एकदाच न सांगता वाढत्या वयाबरोबर पुन्हा पुन्हा सांगावे.

गुपित राहत नाही

बाळ घरात येते तेव्हा शेजारी, नातेवाईक, कारखान्यातील सहकारी, कामवाली बाई या सर्वांना ते ठाऊक होते. म्हणजे गुपित असते ते फक्त मुलापासून. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात लोक घरे बदलतात, नवीन सोसायटीत राहायला जातात आणि आता कोणालाच माहीत नाही असे समजतात. पण गावच्या जत्रेत, लग्नकार्यात, भावकीच्या जमिनीच्या वाटपात विषय निघतोच.

आणखी एक वाट विज्ञानाची आहे. वरच्या वर्गांत मुले रक्तगट शिकतात. आई आणि वडील दोघांचाही गट 'ओ' असेल तर मुलाचा गट 'ए', 'बी' किंवा 'एबी' येत नाही. १९५२ मध्ये मुंबईत शोध लागलेल्या 'बॉम्बे' रक्तगटासारखे अगदी दुर्मीळ अपवाद सोडले, तर हा नियम पक्का आहे. घरातील तीन रक्तगट वहीत लिहिले की चौदा वर्षांच्या मुलाला जे कळायचे ते कळते. त्या वेळी त्याला दोन धक्के बसतात. आपला जन्म या घरात झाला नाही हा पहिला आणि आईबाबा इतकी वर्षे खोटे बोलले हा दुसरा. पहिल्यातून मूल सावरते. दुसऱ्याला फार वेळ लागतो.

लपवण्याची परंपरा आपली नव्हे

'आपल्याकडे असे उघड बोलत नाहीत' असे पुष्कळजण म्हणतात. पण जुने दत्तविधान चारचौघांसमक्ष, साक्षीदारांसह होत असे. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. आपण मूळचे कोणाचे हे दोघांनाही ठाऊक होते, रयतेलाही ठाऊक होते. त्यामुळे त्यांचे कर्तृत्व कोठे कमी झाले नाही.

अर्थात त्या दत्तविधानात घराण्याला वारस हवा असे. मुलाला घर हवे म्हणून दत्तक घेण्याचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे. ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. ज्योतिरावांनी १८८७ मधील आपल्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. १८९० मध्ये ज्योतिराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, असे चरित्रकार सांगतात. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली आणि त्याच साथीत सावित्रीबाईंचा अंत झाला. हे नाते रक्ताचे नव्हते. ते लपवलेलेही नव्हते.

'सांगितले तर आम्हाला सोडून जाईल'

आईवडिलांच्या मनातील खरी भीती ही असते. तिचे उत्तर महाभारतात आहे. कर्णाला आपल्या जन्माचे सत्य समजले ते ऐन युद्धाच्या तोंडावर. आधी कृष्णाकडून आणि मग कुंतीकडून. राज्य, भाऊ, मान सारे समोर असूनही त्याने अधिरथ आणि राधा यांना सोडले नाही. ज्यांनी वाढवले तेच माझे आईबाप, हे त्याचे उत्तर होते. मात्र सत्य इतके उशिरा कळल्याचे दुःख त्याला भोगावेच लागले. उलट कृष्णाला देवकी आणि यशोदा अशा दोन माता होत्या, हे आपल्याकडील लहान मूलही सांगते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मुलाला गोष्ट सांगताना या दोन्ही कथांचा उपयोग करता येतो.

कोणत्या वयात किती सांगावे?

जन्मापासून तीन वर्षांपर्यंत. या वयात मुलाला अर्थ कळत नाही, पण 'दत्तक' हा शब्द प्रेमाच्या सुरात त्याच्या कानावर पडू द्यावा. याचा मोठा फायदा असा की, आईवडिलांची जीभ सरावते. घरी आल्या दिवसाचे फोटो एका अल्बमात लावून ठेवावेत आणि अधूनमधून मुलाला मांडीवर घेऊन पाहावेत.

तीन ते पाच वर्षे. "आई, मी तुझ्या पोटात होतो का गं?" हा प्रश्न याच वयात येतो. हो म्हणून वेळ मारून नेऊ नये. असे सांगता येईल : "तू एका दुसऱ्या बाईच्या पोटात होतास. सगळी बाळं अशी पोटातूनच जन्माला येतात. तिला तुला वाढवणं जमणार नव्हतं. म्हणून तू संस्थेत होतास, तिथल्या मावश्या तुला दूध पाजायच्या. आम्हाला बाळ हवं होतं. आम्ही तुला भेटायला आलो आणि घरी घेऊन आलो. आजीनं दारात तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला." एवढे पुरे. मूल हीच गोष्ट पन्नास वेळा मागेल. पन्नास वेळा सांगावी. 'तूही जन्माला आलास' हे वाक्य गाळू नये. नाहीतर इतर मुले जन्मतात आणि आपण कागदपत्रांतून येतो, अशी काहीतरी समजूत मूल करून घेते.

सहा ते आठ वर्षे. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार-पाच वर्षांची मुले 'मी दत्तक आहे' असे बिनचूक म्हणत. पण जन्माने घरात येणे आणि दत्तक येणे यातील फरक बहुतेकांना साधारण सहाव्या वर्षानंतर उमगत होता, असे त्यात दिसून आले. म्हणून 'आम्ही लहानपणीच सांगून टाकले' असे समजून विषय बंद करू नये. "तिनं मला का ठेवलं नाही?" हा प्रश्न आता येईल. कारण माहीत असेल तर सौम्य शब्दांत सांगावे. नसेल तर "ते आम्हालाही माहीत नाही. पण तुझं काही चुकलं म्हणून नव्हे. एवढ्याशा बाळाची चूक नसतेच," असे म्हणावे.

नऊ ते बारा वर्षे. मुलाला आता कळते की मला घर मिळाले, त्याआधी माझे काही सुटलेही होते. काही मुले गप्प होतात, काही चिडतात. "तुम्ही माझे खरे आईबाबा नाहीच!" असेही एखादे दिवशी म्हणतात. पोटची मुलेही रागाच्या भरात नाही नाही ते बोलतात, हे लक्षात ठेवावे. "तुला राग आलाय, ते दिसतंय मला. पण उद्याचा डबा मीच करणार आहे," इतके शांतपणे म्हणणारी आई अर्धी लढाई जिंकते.

पौगंडावस्था. आपण दिसतो कोणासारखे, स्वभाव कोणाचा, हे प्रश्न या वयात सर्वच मुलांना पडतात; दत्तक मुलांना जरा जास्त. मुळाचा शोध घ्यावासा वाटणे ही कृतघ्नता नव्हे. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला त्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. त्याआधी आईवडिलांसह करावा लागतो. जन्म देणाऱ्या व्यक्तीची गोपनीयताही कायदा जपतो, त्यामुळे सर्वच माहिती मिळेल असे नाही. हेही आधीच सांगून ठेवावे.

नात्यातील दत्तक

आपल्याकडे भावाचे किंवा बहिणीचे मूल घेण्याची रीत आजही आहे. तेथे जन्म देणारी आई 'काकू' किंवा 'मावशी' होऊन सणावाराला समोर येते. 'घरातल्या घरात आहे, सांगायचे काय?' असे वाटते. पण येथे सत्य फुटण्याचा संभव सर्वांत जास्त. दोन्ही घरांनी एकत्र बसून शब्द ठरवावेत आणि मुलाला लवकर सांगावे. "काकूच्या पोटी जन्मलास, आणि आई-बाबा आम्ही," हे चार वर्षांच्या मुलाला सहज कळते. रागाच्या भरात "परत पाठवून देईन" हे वाक्य मात्र दोन्ही घरांतून कायमचे हद्दपार करावे.

काही शब्द टाळावेत

'खरी आई' म्हणू नये. 'जन्म देणारी आई' म्हणावे. 'टाकून दिले' म्हणू नये. 'सांभाळणे शक्य नव्हते' म्हणावे. 'आम्ही तुझ्यावर उपकार केले' हे तर कधीच नको. मुलाला आयुष्यभर ऋणात ठेवणारे प्रेम त्याला जड होते. नातेवाईकांच्या "पोराचं नशीब काढलंत" या कौतुकालाही "नशीब आमचं" असे हसून उत्तर द्यावे. मूल ऐकत असते.

आणि एक जुनी थट्टा. 'तुला बोहारणीकडून जुने कपडे देऊन घेतलंय', 'तू कचराकुंडीत सापडलीस' असे म्हणून मुलांना रडवण्याची मौज अनेक घरांत चालते. पोटच्या मुलालाही ती लागते. ज्या जिन्यात, ज्या वर्गात एखादे दत्तक मूल आहे तेथे तीच थट्टा सुरीसारखी चालते. ती बंद झालेली बरी.

इतर मुलांना काय सांगावे?

जिन्यातील त्या मुलीचा दोष किती? आजी कुजबुजत बोलली म्हणून तिला वाटले की ही लाजेची गोष्ट असावी. आपल्या मुलाने "आई, आणलंय म्हणजे काय?" असे विचारले तर आवाज न बदलता सांगावे : "काही मुलं आईच्या पोटातून घरात येतात, काही दत्तक येतात. दोन्ही त्या घरचीच. ही त्याची गोष्ट आहे. सांगायची की नाही ते त्यानं ठरवायचं. आपण चिडवायचं नाही."

घर म्हणजे आई, बाबा आणि दोन मुले, हे चित्र तर या औद्योगिक पट्ट्यात पूर्वीपासूनच अपुरे आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे एमआयडीसी आली, नंतर चाकण वाढले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे आली. एखाद्या मुलाला रात्रपाळीच्या वडिलांऐवजी आजोबा वाढवतात; एखाद्याची आई एकटीच कमावते आणि एकटीच वाढवते; एखादे मूल मामाकडे राहते, कारण आईवडील २०२१ च्या कोरोना साथीत गेले. कोणाला सावत्र आई असते आणि ती मायाळू असते. एकल स्त्रीने दत्तक घेतलेले मूलही वर्गात असू शकते.

शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. 'माझे कुटुंब' या विषयावर चित्र किंवा निबंध देताना "तुमच्या घरी कोण कोण आहे? तुमची काळजी कोण घेतं?" असे विचारावे. वंशवृक्ष काढायला सांगायचाच असेल तर वाढवणारी माणसे फांद्यांवर लिहिण्याची मोकळीक द्यावी. जे मूल दत्तक आहे त्याचा वर्गासमोर दाखला मात्र देऊ नये.

मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आपल्या शेजारी, आळंदीतच आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांचे आईवडील गेले आणि चार भावंडांचेच एक घर झाले. लोकांनी त्यांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले. कोणाच्या तरी बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी झोपडीचे दार लावून घेतले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने समजूत घालून ताटी उघडायला लावली, अशी कथा आहे. ज्या मुलाला लोकांनी हिणवले त्यालाच पुढे महाराष्ट्राने 'माउली' म्हटले. आषाढीला पालखी पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

डॉक्टरांना खरे सांगा

दवाखान्यात "घरात कोणाला मधुमेह, दमा, आकडी?" असे विचारले जाते. दत्तक मुलासाठी आपला मधुमेह लिहू नये आणि 'कोणाला काही नाही' असेही लिहू नये. 'माहीत नाही, मूल दत्तक आहे' हेच योग्य उत्तर होय. चुकीच्या माहितीवरून नको त्या तपासण्या होतात आणि हव्या त्या राहून जातात. दत्तक देताना संस्था मुलाचा वैद्यकीय तपासणी अहवाल व अभ्यास अहवाल देते. ते जपून ठेवावेत आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावेत. लसीकरणाची नोंद अपुरी असेल तर राहिलेल्या लसी वयानुसार देता येतात.

सत्य कळल्यावर थोडे दिवस मूल गप्प राहणे, चिकटून बसणे स्वाभाविक आहे. पण बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, शाळेत जायला नकार, सतत पोटदुखी, खाऊ लपवून ठेवणे किंवा अतिशय शहाण्यासारखे, भीत भीत वागणे असे काही आठवड्यांहून अधिक चालले तर समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. दत्तक देणाऱ्या संस्थेकडेही पुन्हा जाता येते. पुण्यात ससून रुग्णालयाच्या मित्रमंडळाने, म्हणजे १९६४ पासूनच्या 'सोफोश' संस्थेने चालवलेले 'श्रीवत्स' आणि १९७९ मध्ये स्थापन झालेले भारतीय समाज सेवा केंद्र यांनी या कामात अनेक दशके घालवली आहेत.

कायदा थोडक्यात

बाल न्याय कायदा, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. एकल स्त्री मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते; एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, करावी लागते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेशानंतर मूल सर्वार्थाने त्या घरचे होते. हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक कायदाही आहे आणि नात्यातील दत्तक बहुधा त्याखाली होते.

एखाद्या प्रसूतिगृहातून परस्पर मूल आणणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अशा मुलाला त्याची गोष्ट खरी सांगता येत नाही, हा तोटा वेगळाच. बेवारस बाळ दिसले तर १०९८ वर कळवावे.

उशीर झाला असेल तर?

जिन्यातून रडत आलेल्या त्या मुलाच्या आईने आता काय करावे? एक निवांत सुट्टीचा दिवस पाहावा. दोघांचीही पाळी नसावी, घरी पाहुणे नसावेत. मुलाला जवळ घेऊन म्हणावे, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी खोटं बोलले. मला भीती वाटली होती. तू दत्तक आहेस. ही बघ, तू घरी आलास त्या दिवशीची झबली." मूल रडेल, कदाचित आईही रडेल. नंतर ते प्रश्न विचारील. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, वर्षभराने. प्रश्न विचारायला ते आपल्याकडेच येत आहे, तोपर्यंत काळजी नसावी. अंथरूण कोरडे व्हायला थोडे दिवस लागतील. लागू द्यावेत.